शेळीच्या दुधाचा साबण, कोरफड जेल आणि काळी मेंदी: औरंगपुऱ्यातल्या एका ‘नैसर्गिक’ दुकानाचा माल

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा भागातल्या या छोट्या दुकानात फक्त ‘नैसर्गिक’ प्रसाधनं मिळतात. बराचसा माल बचतगटांचा, थोडा बाहेरून आणलेला. दुकानाचं नाव देत नाही, कारण हाच माल वेगळी लेबलं लावून जालना, बीड, लातूर, नांदेड कुठेही मिळतो आणि दोषही तेच असतात. सहा वस्तू घेतल्या: शेळीच्या दुधाचा साबण, हळदीचा साबण, कोरफड जेल, उटणं, कुंकू आणि काळी मेंदी. सातवी, गोरेपणाची क्रीम, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. तिच्याबद्दल पुढे येईलच.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच: उटणं घ्या, शेळीच्या दुधाचा साबण घ्या, कोरफड जेल घेऊ नका, मेंदीचं पाकीट पूर्ण वाचल्याशिवाय उघडू नका, आणि क्रीम कुणी फुकट दिली तरी नको.

सुरुवात लेबलपासून. भारतात प्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम 2020 लागू होतात. वस्तू झाडपाल्याची आहे म्हणून सूट मिळत नाही. लेबलवर वस्तूचं नाव, उत्पादकाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता, कोणत्या महिन्या-वर्षापर्यंत वापरायचं ते, निव्वळ वजन, घटकांची यादी, ‘बी’ अक्षरानंतर बॅच क्रमांक आणि ‘एम’ अक्षरानंतर उत्पादन परवान्याचा क्रमांक लागतो. घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात; 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. फार लहान पाकिटांना, म्हणजे 10 ग्रॅमपर्यंतच्या घट्ट आणि 25 मिलिलिटरपर्यंतच्या पातळ मालाला, बॅच क्रमांकाची सवलत आहे.

या दुकानातल्या सहापैकी दोनच वस्तूंवर खरा परवाना क्रमांक होता. बाकीच्यांवर काय होतं ते बघण्यासारखं आहे. हळदीच्या साबणावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक होता. तो खाद्यपदार्थांचा, साबणाला त्याचा काही उपयोग नाही. कोरफड जेलवर उद्यम नोंदणी क्रमांक होता. ती लघुउद्योगाची नोंदणी, माल सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. ‘आयएसओ प्रमाणित’ आणि ‘जीएमपी’ असे गोल शिक्के तर डीटीपीवाला लेबलसोबत तसेच टाकून देतो. गिऱ्हाईक क्रमांक बघून निर्धास्त होतं, म्हणून हे आधी सांगितलं. क्रमांक कोणाचा आहे ते बघा, नुसता आहे की नाही ते नको.

आता शेळीच्या दुधाचा साबण, 100 ग्रॅम, 150 रुपये. दूध उस्मानाबादी शेळीचं, असं वेष्टणावर लिहिलंय. परवाना क्रमांक आहे, बॅच आहे, घटकांमध्ये खोबरेल, पाम, एरंडेल आणि करडईचं तेल दिलंय. ही यादी प्रामाणिक वाटते, कारण करडईचं नाव कोणी जाहिरातीसाठी घालत नाही. करडई मराठवाड्यात पिकते, तेल सहज मिळतं, पण साबणात ते जपून वापरावं लागतं. त्यात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण मोठं असतं आणि त्यामुळे साबण लवकर खवट होतो. एकूण तेलात करडई 10-15 टक्क्यांच्या वर गेली की काही महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके येतात आणि जुन्या तेलाचा वास सुटतो. घेतलेल्या वडीवर ठिपके नव्हते. शेल्फच्या मागच्या रांगेतल्या, उन्हाच्या बाजूच्या दोन वड्यांवर होते. समोरची वडी उलटून पाहूनच घ्या.

विक्रेत्याने सांगितलं, “ताई, यात कॉस्टिक अजिबात नाही.” कॉस्टिक सोड्याशिवाय वडीचा साबण होत नाही. प्रश्न एवढाच की तो मोजून घातला का आणि पूर्ण मुरला का. उदाहरणादाखल 1 किलो तेल घेऊ: खोबरेल 300 ग्रॅम, पाम 500, एरंडेल 100, करडई 100. हे सगळं तेल साबणात बदलायला सुमारे 152 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागतो. जाणकार 5 टक्के कमी, म्हणजे 144 ग्रॅमच घालतात, म्हणजे थोडं तेल तसंच राहतं आणि कातडी ओढली जात नाही. इथे किराण्याचा काटा 10 ग्रॅमने चुकला तरी जास्तीच्या तेलाची ती गादी संपते आणि कॉस्टिक उरतो. असा साबण आग करतो, चेहरा लालबुंद होतो, आणि दोष मात्र ‘दूध सोसलं नाही’ म्हणून शेळीवर जातो. साबण कापल्यावर 4 ते 6 आठवडे हवेशीर जागी ठेवावा लागतो. कॉस्टिकचं काम पहिल्या एक-दोन दिवसांत जवळजवळ आटोपतं. पुढचे आठवडे पाणी उडून वडी कडक होण्यासाठी असतात. ओली वडी आठ दिवसांत विरघळते आणि 150 रुपये मोरीत जातात. या दुकानातली वडी अंगठ्याने दाबली तर दबत नाही, फेस दाट येतो, ओल्या वडीवर लावलेली पीएच पट्टी 9 ते 10 च्या मधला रंग दाखवते (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली). खऱ्या साबणाचा पीएच असाच असतो.

म्हणूनच शेजारच्या डब्यातल्या साबणावरचं ‘पीएच 5.5’ वाचून हसू आलं. तेल-कॉस्टिकच्या साबणाचा पीएच 5.5 वर आणला तर तो साबण राहतच नाही, फुटून मेदाम्लाचा चिकट गोळा होतो. 5.5 ची वडी बनते, पण ती सिंडेटची, वेगळ्या कृत्रिम फेसकांची. ती वाईट नसते, उलट कोरड्या त्वचेला बरी. फक्त तिला ‘हस्तनिर्मित पारंपरिक साबण’ म्हणून विकू नये.

दुधाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. कॉस्टिकमध्ये दुधातली चरबी साबण होते आणि साखर करपून वडीला तपकिरी झाक येते. दूध बर्फासारखं गोठवून त्यात कॉस्टिक हळूहळू घातला तर करपणं कमी होतं. भरकन ओतला तर अमोनियाचा वास येतो. या वडीला तो वास नाही, करणाऱ्याला काम येतं. पण ‘एक्झिमा बरा करतो’ हे वेष्टणावरचं वाक्य खोडायला हवं. आजार बरा करण्याचा दावा केला की वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध होते, आणि औषधाचा परवाना वेगळा.

हळदीचा साबण 60 रुपयांना आहे आणि पारदर्शक पिवळा आहे. हा तेलापासून केलेला नाही. बाजारात ग्लिसरीन बेसची तयार लादी मिळते. ती वितळवून रंग-वास घालून साच्यात ओततात. त्यात काही पाप नाही, पण लेबलवर फक्त ‘हळद, ग्लिसरीन, प्रेम’ असं लिहिलंय. बेसमध्ये काय आहे ते आलंच पाहिजे. आणि पुन्हा भरून, लेबल लावून विकणं हेही कायद्याच्या लेखी उत्पादनच, त्यालाही परवाना लागतो. रंगाबद्दल एक साधी गोष्ट: हळद अल्कलीत लालसर होते. साबणात घातलेली खरी हळद नारिंगी-विटकरीकडे झुकते आणि उजेडात फिकी पडते. काचेच्या कपाटात महिनोन् महिने लिंबासारखी पिवळीधमक राहिलेली वडी बहुधा वेगळ्या रंगाची आहे. वसमत-हिंगोलीची हळद म्हणून जाहिरात करायची आणि रंग बाटलीतला घालायचा, हे त्या हळदीवरही अन्यायच.

कोरफड जेल, 200 मिलिलिटर, 180 रुपये. हिरवंगार, घट्ट, सुगंधी, वर ‘99 टक्के शुद्ध, प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त’. दुकानातली सर्वांत जास्त खपणारी आणि आमच्या मते दुसऱ्या क्रमांकाची धोकादायक वस्तू. कोरफडीचा गर काचेसारखा असतो, हिरवा नसतो. हिरवी असते ती साल, किंवा रंग. घुसळलेला गर पाण्यासारखा ओघळतो, असा थरथरणारा घट्टपणा त्याला येत नाही. तो साधारण अर्धा टक्का कार्बोमरने, म्हणजे पाणी घट्ट करणाऱ्या कृत्रिम द्रव्याने येतो. आणि कोरफड बहुधा पावडरीतून येते: 200 पट दाट पावडर 100 मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम घातली की कागदावर ‘शुद्ध कोरफड’ तयार. इथपर्यंत फसवणूक आहे, इजा नाही.

इजा पाण्यात आहे. जवळजवळ सगळं पाणी, त्यात वनस्पतीतली साखर, आणि भांडं बोट घालून वापरायचं. असं मिश्रण जंतूंना आयतं शेत. त्याला संरक्षक द्रव्य लागतंच लागतं. ई जीवनसत्त्व तेल खवट होऊ देत नाही, जंतू मारत नाही. कडुनिंबाचा अर्क आणि गुलाबपाणी या कामाला पुरत नाहीत. छोटे उत्पादक सोडियम बेंझोएट घालतात कारण ते ‘खाण्याचं’ आहे, पण ते पीएच 5 च्या खालीच नीट काम करतं. कार्बोमरचं जेल दाट होतं ते साधारण 6 च्या पुढे. म्हणजे जेल घट्ट केलं की संरक्षक निकामी, आणि संरक्षकासाठी आंबट केलं की जेल पातळ. या पेचात बरेचजण घट्टपणा निवडतात, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं. फिनॉक्सीइथेनॉल हे दुसरं संरक्षक 1 टक्क्यापर्यंत वापरलं तर पीएचची ही अडचण येत नाही, पण मग ‘प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त’ छापता येत नाही. लोकांना शब्द हवा असतो, तो मिळतो.

प्रसाधनांसाठीचं आंतरराष्ट्रीय जंतू-मानक असं: साधारण वस्तूत 1 ग्रॅममध्ये 1000 पर्यंत जंतू चालतात, डोळ्यांजवळच्या आणि 3 वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंत 100. स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय आणि कॅन्डिडा एकही नको. उघड्यावर भरलेलं, संरक्षक नसलेलं जेल हे कसं पाळणार? जेल पातळ होणं, झाकण फुगणं, आंबूस वास, काळे कण ही बिघाडाची खूण. मात्र काहीही न दिसता जंतूंची संख्या लाखांत असू शकते. मुरुमं फुटलेल्या किंवा नुकतं थ्रेडिंग झालेल्या चेहऱ्यावर असं जेल लावलं की फोडं येतात, आणि पार्लरवाल्या ताईंना बोल बसतो.

कोरफड हवीच असेल तर पान कापून 15-20 मिनिटं उभं धरा, पिवळा चीक गळू द्या, मग गर काढा. तो चीक त्वचेला चुरचुरतो. काढलेला गर त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये चार दिवस ठेवायचा असेल तर बाजारची परवाना असलेली ट्यूब बरी. ट्यूबमध्ये बोट जात नाही, हाही फायदा.

उटणं 100 ग्रॅम 80 रुपये, आणि आयुर्वेदिक परवान्याचं. अशा मालाला सौंदर्यप्रसाधनाचा नव्हे, आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना, फॉर्म 25-डी, असतो. महाराष्ट्रात दोन्ही अन्न व औषध प्रशासनच देतं. वनस्पतीजन्य आयुर्वेदिक मालात शिसं 10 पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक 3, कॅडमियम 0.3 आणि पारा 1 पीपीएमच्या आत असावा लागतो. माल कोरडा, वस्त्रगाळ, दोन बोटांत चोळला तर खडा लागत नाही. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरीचा वास वेगवेगळा येतो. तक्रार एकच: यादीत पहिलं नाव चंदनाचं. क्रम जास्तीकडून कमीकडे असेल तर 80 रुपयांत निम्मं चंदन आलं! अस्सल चंदनाच्या गाभ्याची पूड किलोला हजारोंच्या घरात जाते. पहिला घटक मुलतानी माती आहे, ती बोटालाच कळते. तरी घ्या. फक्त मातीच्या पुडीत जंतूंची बीजं असू शकतात, म्हणून फुटलेल्या मुरुमावर किंवा खरचटल्यावर नको. आणि कालवलेलं उटणं वाटीत ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नका. पाणी पडलं की ते जेलच्याच पंगतीला बसतं.

त्यावर लिंबू पिळायची सवय मात्र सोडा. लिंबाच्या सालीतली द्रव्यं अंगावर राहिली आणि वर वैशाखातलं ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

कुंकवाची डबी तुळजापूरची आहे म्हणे. डबीवर पत्ता नाही, त्यामुळे म्हणेच. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना किंवा टाकणखार लावून होतं. त्याची घरची परीक्षा सोपी आहे: चिमूटभर कुंकवावर लिंबाचा रस टाका. हळद-चुन्याचं असेल तर पुन्हा पिवळं पडतं. हे लालच राहिलं. म्हणजे बहुधा रंग घातलेला आहे. त्याचा अर्थ विषारी असा होत नाही. प्रसाधनांसाठी ठराविक रंगांना परवानगी आहे, त्या रंगांत शिसं 20 पीपीएम आणि आर्सेनिक 2 पीपीएमच्या आत हवं. पण डबीवर कुठला रंग ते लिहिलेलं नसेल तर तो प्रसाधनाचा की कापडाचा, हे सांगणार कोण? कपाळावर रोज त्याच जागी खाज, मग पांढुरका डाग, अशी तक्रार असेल तर आधी डबी बदला. देवाला वाहायला हे कुंकू चालेल.

काळी मेंदी, 20 रुपयांचं पाकीट, ‘शंभर टक्के हर्बल, 30 मिनिटांत काळे केस’. मेंदीचं पान नारिंगी ते लाल-तपकिरी रंग देतं, तेही तासांत. निळीच्या झाडाच्या पानांची पूड वापरून काळा रंग येतो, पण दोनदा लावावं लागतं. अर्ध्या तासात काळा म्हणजे जवळजवळ नक्की पॅरा-फिनिलीनडायअमिन, पीपीडी. ते घालायला बंदी नाही, पण आत आणि बाहेर दोन्ही वेष्टणांवर, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, इशारा छापणं सक्तीचं आहे: काहींना त्वचेची जळजळ होऊ शकते, आधी चाचणी करा, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. इथल्या पाकिटावर मागे, वाचायला भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात, पीपीडी लिहिलंय, इशारा नाही. पुढे हर्बल, मागे पीपीडी. चाचणी अशी: थोडं मिश्रण कानामागे आणि हाताच्या आतल्या बाजूला लावा, 48 तास बघा. ॲलर्जी असताना केसांना लावलं तर पुढच्या एक-दोन दिवसांत पापण्या सुजतात, डोकं पाझरतं. एकदा ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. हातावरच्या नक्षीसाठी तर काळी मेंदी कधीच नको, लग्नघरात तर बिलकूल नाही.

क्रीम. 30 ग्रॅमची डबी, 350 रुपये, उत्पादकाचा पत्ता नाही, ‘7 दिवसांत फरक’. सोबतच्या चिठ्ठीत ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नये’ असं लिहिलंय, आणि एवढं पुरे आहे. दागिन्यांपासून जपायला सांगणारी क्रीम पाऱ्याची असण्याची दाट शक्यता असते. भारतात डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडता बाकी प्रसाधनांत नकळत आलेला पाराही 1 पीपीएमच्या वर चालत नाही. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला धरतो. केरळमधल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 दरम्यान मूत्रपिंडाच्या एका आजाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यातल्या 15 जणांत आजाराचा एक विशिष्ट प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जण अशा क्रीम वापरत होते. पाय सुजणं, लघवीला फेस येणं ही लक्षणं. पारा नसेल तर दुसरी शक्यता स्टेरॉइडची: आठवड्यात चेहरा उजळतो, मग पातळ होतो, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवली की उसळून येतं. कोणी वापरत असेल तर डबी घेऊन घाटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, किंवा जवळच्या त्वचारोग विभागात जावं. डबी न्यायला विसरू नका, डॉक्टरांना तीच हवी असते.

दुकानाच्या सेवेबद्दल थोडं. वागणं गोड, उघडलेला माल परत घेत नाहीत, ते योग्यच. दुपारचं ऊन थेट शेल्फवर येतं. मे महिन्यात 40 अंशांच्या वर तापणाऱ्या गावात हे चालत नाही. एक पडदा लावला तरी साबण वाचतील.

माल देणाऱ्या बचतगटांना मात्र दोष देताना हात आखडतो. परवान्यासाठी कॉस-5 अर्ज, नियमांप्रमाणे जागा, आणि बारावीला रसायनशास्त्र घेतलेली किंवा फार्मसी पदविकेची एक तरी व्यक्ती लागते. कॉस-8 परवाना मिळाला की दर 5 वर्षांनी शुल्क भरून चालू राहतो. स्वतःची जागा नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात माल करून घ्यायचा लोन लायसन्सचा, कॉस-9 चा, मार्ग आहे. हे कुणी नीट समजावून सांगत नाही. प्रशिक्षणात साचा आणि सुगंध शिकवतात, परवाना शिकवत नाहीत. दोन-तीन गटांनी मिळून एका जागेचा परवाना काढला तर खर्च आवाक्यात येतो. सुरुवात करायचीच असेल तर साबण आणि उटणं करा, जेल-क्रीमच्या वाटेला जाऊ नका.

नवी वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज 2 वेळा, 7 दिवस लावून बघा. साबण असेल तर लावून लगेच धुवायचा. एक दिवसाची चाचणी उशिरा येणारी ॲलर्जी पकडत नाही.

दुकानात बिल म्हणून चिठ्ठी देतात. छापील बिल मागा, त्यावर वस्तूचं नाव आणि बॅच लिहून घ्या. कायद्याच्या कलम 26 प्रमाणे विकत घेतलेलं प्रसाधन कोणीही ठरलेलं शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि अहवाल मिळवू शकतो. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक 1800222365, ग्राहक हेल्पलाइन 1915. संशय असलेली वस्तू घ्यावीच लागली तर एकाच बॅचच्या दोन घ्या: एक उघडा, दुसरी सीलबंद ठेवा. उघडलेल्या डबीचा नमुना वादात टिकत नाही.